गिऱ्हाइकास नकार : दुकानदाराचा अधिकार कोठवर?

सकाळी दुकानाच्या फळ्या निघतात त्या कोणासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो बालिश वाटेल. जो पायरी चढेल त्याच्यासाठी, असे उत्तर पेठेतील कोणताही व्यापारी देईल. तथापि या साध्या प्रश्नाशी अमेरिका व इंग्लंड येथील सर्वश्रेष्ठ न्यायालये गेली कित्येक वर्षे अडखळत आहेत. निमित्त घडले ते समलिंगी जोडप्यांचे. दोन पुरुष अथवा दोन स्त्रिया पतिपत्नीच्या नात्याने दुकानात आल्या, आणि दुकानदाराच्या धर्मबुद्धीस ते नाते मान्य नसले, तर त्याला त्यांना विन्मुख पाठविण्याचा अधिकार आहे काय?

असा विषय व्यापारी संघाच्या स्मरणिकेत कशाला, असे आमचे काही वडीलधारे सभासद म्हणतील. बाजारभाव, करआकारणी, साठवण यांवर लिहावे हे आमच्या वयास अधिक शोभले असते. परंतु आपल्या मंडळींचे व्यवसाय आता धान्य, कापड आणि सराफी एवढ्यावर राहिलेले नाहीत. पुढच्या पिढीतील कोणी मंगल कार्यालय चालवितो, कोणी मिठाईचे दुकान, कोणी लग्नपत्रिका छापतो, कोणी मंडप व सजावटीची कामे घेतो, कोणी अतिथिगृह काढतो. हे धंदे लग्नाशी आणि निवासाशी निगडित आहेत, आणि वाद उद्भवला तो नेमका याच धंद्यांत. तो आपल्या दारी येण्यापूर्वी समजून घेतलेला बरा.

प्रथम अमेरिकेतील गाजलेले प्रकरण पाहू. कोलोरॅडो राज्यात लेकवूड नावाचे गाव आहे. तेथे ‘मास्टरपीस केकशॉप’ हे केकचे दुकान. २०१२ च्या जुलैत दोन पुरुष तेथे आपल्या विवाहाच्या स्वागतसमारंभासाठी केक करवून घेण्यास गेले. दुकानदार निष्ठावान ख्रिस्ती. तो म्हणाला, वाढदिवसाचा केक, बिस्किटे, जे हवे ते देईन, परंतु समलिंगी विवाहासाठी केक करणार नाही. हा गृहस्थ हॅलोवीन नामक भुताखेतांच्या सणाचेही केक करीत नसे, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या वेळी कोलोरॅडोत असा विवाह कायदेशीर नव्हता; तो विधी दुसऱ्या राज्यात व्हावयाचा होता. मात्र त्याच राज्याच्या कायद्याने, लैंगिक कलावरून गिऱ्हाइकांत भेद करण्यास दुकानदारांना मनाई केलेली होती. राज्याच्या नागरी हक्क आयोगाने दुकानदाराविरुद्ध निर्णय दिला, २०१५ मध्ये तेथील अपील न्यायालयानेही तोच कायम केला, आणि दुकानदाराने लग्नाचे केक करणेच बंद केले.

४ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताधिक्याने दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला. हे ऐकून पुष्कळांनी असा ग्रह करून घेतला की, धर्माचे कारण सांगितले म्हणजे नकार चालतो. निकाल तसा नाही. न्यायमूर्ती केनेडी यांनी आयोगाच्या वर्तनावर बोट ठेवले. आयोगाच्या एका सदस्याने भर सुनावणीत दुकानदाराच्या धर्मश्रद्धेची अवहेलना केली होती. तसेच समलिंगी विवाहाची निंदा करणारे केक करण्यास नकार देणाऱ्या इतर दुकानदारांना आयोगाने निर्दोष सोडले होते. पंच निःपक्षपाती नव्हते, एवढ्यावर निवाडा रद्द झाला. धार्मिक आक्षेप आहे म्हणून सर्वांना लागू असलेल्या कायद्याखाली कोणासही माल नाकारता येतो असे सर्वसाधारणपणे म्हणता येणार नाही, हे त्याच निकालात लिहिलेले आहे. तोलाई करणाराचा काटाच वाकडा निघाला तर तोल पुन्हा करावा लागतो, पण त्यावरून पोत्यात माल किती होता हे ठरत नाही. तसेच हे झाले.

याहून मनाला चटका लावणारे प्रकरण वॉशिंग्टन राज्यातील रिचलंड गावच्या फुलवालीचे. दुकानाचे नाव ‘आर्लीन्स फ्लॉवर्स’. तिचा एक गिऱ्हाईक सुमारे नऊ वर्षे तिच्याकडून फुले नेत होता. तो समलिंगी आहे हे तिला ठाऊक होते. त्याच्या जोडीदारासाठी तिने आवडीने गुच्छ बांधून दिले होते. २०१३ मध्ये तो आपल्या लग्नाची फुले मागावयास आला, तेव्हा तिने त्याचा हात हातात घेऊन सांगितले की माझ्या श्रद्धेमुळे हे मला करता येणार नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तिच्याविरुद्ध निकाल दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला, आणि त्याच वर्षी पाच हजार डॉलर देऊन तिने वाद मिटविला. येथे द्वेष कोठेच नाही. नऊ वर्षांचा घरोबा आहे, आणि तरीही नकार आहे. ज्यांना वाटते की असा नकार केवळ दुष्टबुद्धीने दिला जातो त्यांनी, आणि ज्यांना वाटते की गोड बोलून दिलेला नकार लागत नाही त्यांनीही, या प्रकरणाचा विचार करावा. जुने गिऱ्हाईक दुकानातून परत जाते तेव्हा ते काय घेऊन जाते, हे आपणांस नव्याने सांगावयास नको.

आता इंग्लंडकडे वळू. तेथील दोन निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे या विषयाची किल्ली हाती येते. पहिला निकाल २०१३ चा. कॉर्नवॉल परगण्यात एक वृद्ध ख्रिस्ती जोडपे आपल्या घरात छोटे हॉटेल चालवीत असे. दुहेरी पलंगाची खोली विवाहित स्त्रीपुरुषांनाच द्यावयाची, असा त्यांचा नियम होता. २००८ मध्ये, कायद्याने नोंदलेली भागीदारी असलेले दोन पुरुष तेथे पोहोचले; त्यांनी खोली आधी राखून ठेवली होती. त्यांना खोली नाकारण्यात आली. न्यायालयाने हॉटेलमालकांचा नकार बेकायदेशीर ठरविला व दोघांना प्रत्येकी १,८०० पौंड भरपाई देवविली. दुसरा निकाल १० ऑक्टोबर २०१८ चा. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे ‘ॲशर्स’ नावाची बेकरी आहे. २०१४ मध्ये एका गिऱ्हाइकाने केक सांगितला, त्यावर समलिंगी विवाहास पाठिंबा द्या अशा अर्थाची घोषणा लिहावयाची होती. किंमत ३६ पौंड ५० पेन्स आगाऊ दिली. दोनचार दिवसांनी मालकांनी कळविले की ही घोषणा आमच्या श्रद्धेविरुद्ध आहे, आणि पैसे परत केले. खालच्या न्यायालयाने त्यांना ५०० पौंड दंडभरपाई लावली होती. सर्वोच्च न्यायालयाने पाचही न्यायाधीशांच्या एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला.

दोन्ही ठिकाणी मुख्य निकालपत्र लिहिणारी न्यायाधीश एकच होती, लेडी हेल. मग एकदा दुकानदार हरला व एकदा जिंकला, हे कसे? कारण असे की हॉटेलमालकांनी माणूस पाहून नकार दिला. तीच खोली, तोच पलंग, दुसरे जोडपे आले असते तर मिळाला असता. बेकरीवाल्यांनी मात्र घोषणा पाहून नकार दिला. तीच घोषणा लिहून घेण्यास एखादा विवाहित, मुलाबाळांचा गृहस्थ आला असता तरी त्यालाही नकारच मिळाला असता. आणि त्या समलिंगी गिऱ्हाइकाने दुसरा कोणताही केक मागितला असता तर तो मिळाला असता. माल नाकारणे निराळे आणि माणूस नाकारणे निराळे. त्या गिऱ्हाइकाने पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात अर्ज केला, परंतु २०२२ च्या जानेवारीत तो दाखल करून घेण्यात आला नाही.

हॉटेलवाल्यांविषयी इंग्लंडचा एक फार जुना दंडकही आहे. पांथस्थाला निवारा देण्याचा धंदा करणाराने, जागा असता व पैसे मिळत असता, कोणासही परत पाठवू नये. वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांचे नाव आमच्या पिढीतील क्रिकेटवेड्यांना ठाऊक असेल. १९४३ मध्ये लॉर्ड्सच्या सामन्यासाठी त्यांनी लंडनच्या इम्पीरियल हॉटेलात स्वतःसाठी, पत्नीसाठी व मुलीसाठी चार रात्रींची जागा घेतली होती. तेथे पोहोचल्यावर त्यांना सांगण्यात आले की एक रात्र राहा आणि चालते व्हा. कारण काय, तर हॉटेलात उतरलेल्या गोऱ्या अमेरिकन शिपायांना ते रुचणार नाही. वर्णभेदाविरुद्ध तेव्हा तेथे कोणताही कायदा नव्हता. कॉन्स्टंटाइन यांनी त्या जुन्या दंडकावर बोट ठेवून १९४४ मध्ये खटला जिंकला. भरपाई केवळ पाच गिनी मिळाली, पण निकाल मिळाला. आम्हांला स्वतःला काही आक्षेप नाही, इतर गिऱ्हाइकांना आवडत नाही, ही सबब आजही आपल्याकडे पुष्कळ दुकानदारांच्या तोंडी असते. ती किती जुनी आहे आणि किती वेळा फेटाळली गेली आहे, हे यावरून कळेल.

धर्माच्या नावावर नकाराचे समर्थन करण्याचाही प्रघात नवा नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहे व हॉटेले यांत वर्ण, धर्म व मूळ देश यांवरून भेद करण्यास बंदी झाली. साउथ कॅरोलायनातील ‘पिगी पार्क’ या उपाहारगृहांच्या मालकाने न्यायालयात सांगितले की काळ्या लोकांना गोऱ्यांबरोबर वाढणे माझ्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव पोकळ म्हणून बाजूस सारला. आज त्या देशात तो बचाव कोणी घेऊ धजत नाही. मात्र १९६४ च्या त्या कायद्यात उपाहारगृहे व हॉटेले यांविषयीच्या कलमांत लैंगिक कलाचा उल्लेख नाही. त्यामुळे समलिंगी गिऱ्हाइकांना संरक्षण मिळते ते ज्या त्या राज्याच्या कायद्याने. काही राज्यांत मिळते, काहींत मिळत नाही.

३० जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. कोलोरॅडोतील एका महिलेला लग्नसमारंभांची संकेतस्थळे तयार करण्याचा धंदा सुरू करावयाचा होता, परंतु समलिंगी विवाहांची नाही. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने म्हटले की, ज्या कामात करणाराचे स्वतःचे शब्द व विचार व्यक्त होतात ते काम त्याच्या मनाविरुद्ध राज्याला करवून घेता येणार नाही. ही महिला इतर प्रकारची कामे समलिंगी गिऱ्हाइकांचीही करावयास तयार होती, हे दोन्ही पक्षांनी मान्य केले होते. न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी कडाडून विरोध नोंदविला. आमचे मत विचाराल तर बेलफास्टचा निकाल आम्हांस पटतो आणि हा पटत नाही. घोषणा ही घोषणा आहे, ती डोळ्यांना दिसते. पण करणाराचा विचार कोणत्या कामात व्यक्त होतो आणि कोणत्या कामात नाही, हे ठरवावयाचे कोणी? आज संकेतस्थळ, उद्या रांगोळी, मेंदी, मंडपाची कमान, बुंदीच्या लाडवावरची चांदीची वर्खसुद्धा कलाच म्हणावी लागेल. ज्याला नकार द्यावयाचा आहे तो प्रत्येक हलवाई मग कलावंत होईल. छायाचित्रकाराची अडचण त्यातल्या त्यात खरी, कारण त्याला समारंभास जातीने उपस्थित राहावे लागते. तथापि न्यू मेक्सिको राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये छायाचित्रकारालाही सवलत दिली नाही.

येथवर परदेशची गोष्ट झाली. आपल्या देशात काय स्थिती आहे? आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा तरी वाचावे असे आहे. मूलभूत हक्कांची बहुतेक कलमे सरकारला बांधतात. हे कलम दुकानदाराला बांधते. धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची स्थाने यांत मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली. ‘दुकान’ या शब्दात परीट व न्हावी येतात काय, असे विचारले गेले. डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला की येथे दुकान हा शब्द केवळ आत पाऊल टाकण्यापुरता नाही. सेवेच्या अटी मान्य झाल्यावर ती सेवा मिळण्याचा हक्क त्यात येतो. याच घटनेच्या पाठोपाठ १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा आला. अस्पृश्यतेच्या कारणावरून, इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी व ज्या अटींवर माल विकला जातो त्या अटींवर तो न विकणे, हा त्याने गुन्हा ठरविला. १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्या कायद्यापूर्वीच्या पेठा ज्यांच्या वडिलांनी पाहिल्या, त्यांना दुरून टाकलेला पैसा आणि दुरून ओतलेले धान्य या गोष्टी ऐकून माहीत असतील. त्या काळीही धर्माचेच कारण सांगितले जात होते.

आता समलिंगी व्यक्तींविषयी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नवतेज सिंग जोहर यांच्या प्रकरणात, प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाखाली गुन्हा राहणार नाही, असा एकमताने निर्णय दिला. पंधराव्या अनुच्छेदातील ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलाचाही समावेश होतो, हा विचारही त्या निकालपत्रांत मांडला गेला आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो प्रकरणात मात्र, समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क आहे असे न्यायालयाने मानले नाही, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या नात्याला अन्य कायदेशीर दर्जा देण्यासही नकार दिला. माल व सेवा मिळविताना त्यांच्याबाबत भेदभाव होऊ नये असा आदेश सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिला होता, पण तो अल्पमतातील निकालपत्रात असल्याने बंधनकारक ठरला नाही. फेरविचाराचे अर्ज २०२५ च्या जानेवारीत फेटाळले गेले. तेव्हा चित्र असे आहे : नाते गुन्हा नाही, विवाहास मान्यता नाही, आणि खाजगी दुकानदाराने अशा जोडप्यास नकार दिल्यास शिक्षा सांगणारा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही, परंतु घटनेचे पंधरावे कलम दुकानाच्या दारात उभे आहे. आमच्या धान्य व्यापाऱ्यांस रुचेल असा एक तपशील येथेच सांगतो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळविले की, अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील समजावे. म्हणजे सरकारच्या धान्याच्या वहीत त्यांची चूल एक धरली गेली.

विवाहच कायदेशीर नाही, मग कार्यालय का द्यावे, असा प्रश्न एका सभासदाने आम्हांस केला होता. विवाहाला कायद्याची मान्यता नसणे आणि समारंभ करण्यास मनाई असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. चार आप्तेष्टांना बोलावून जेवण घालण्यास कोणाची बंदी नाही. आपल्याकडे साखरपुडा, डोहाळजेवण, साठीशांत यांना तरी कायद्याची मान्यता कोठे आहे? त्यांसाठी आपण भाडे घेतोच.

आता धर्माची बाजू, जी आमच्या वाचकांना सर्वांत महत्त्वाची वाटेल, आणि वाटलीच पाहिजे. व्यापारात धर्म आणू नये, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. जैन श्रावकाचा धंदा तर पहिल्यापासून धर्माने आखून दिलेला आहे. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात व चार कोटी घरसंसारात असलेल्या या व्यापाऱ्यास भगवान महावीरांनी पंधरा कर्मादाने वर्ज्य म्हणून सांगितली. अंगारकर्म, वनकर्म, शकटकर्म, भाटककर्म, स्फोटककर्म; मग दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य, रसवाणिज्य, केशवाणिज्य, विषवाणिज्य; नंतर यंत्रपीडन, निर्लांछन, दवदान, सरशोष आणि असतीपोषण. ही यादी आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. ती पुन्हा एकदा सावकाश वाचावी. हस्तिदंत विकू नये, लाख विकू नये, विष विकू नये, जंगल जाळू नये, तळे आटवू नये. काय विकू नये व काय करू नये, हे यात तपशीलवार आहे. कोणाला विकू नये, हे एकाही कर्मादानात नाही. विष राजाला विकू नये आणि रंकालाही विकू नये. तांदूळ मात्र दोघांनाही विकावा. बेलफास्टच्या निकालात जो भेद न्यायाधीशांना शोधून काढावा लागला, तो आपल्या सूत्रात आधीपासूनच गृहीत आहे असे आम्हांस वाटते.

अचौर्य अणुव्रताचे अतिचार तत्त्वार्थसूत्रात दिले आहेत, त्यांत खोटी मापे व भेसळ यांच्या जोडीला ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हाही आहे, म्हणजे राज्याने घालून दिलेल्या मर्यादेचे उल्लंघन. अहिंसाव्रताच्या अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ आहे. टीकाकारांनी तो मुख्यतः पाळीव जनावरे व आश्रित यांच्या संदर्भात लावला आहे हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही दाणाबाजारात बसणाऱ्या माणसाला तो शब्द वाचून क्षणभर थांबावेसे वाटते.

यावर कोणी म्हणेल, स्वदारसंतोष हे आपले व्रत आहे, आणि हे नाते त्या व्रतात बसत नाही. आम्ही त्याविषयी वाद घालीत नाही. स्त्रीवेद, पुरुषवेद व नपुंसकवेद यांचा, आणि शरीराचे चिन्ह एक व अंतरीचा भाव दुसरा असू शकतो याचा, आपल्या आचार्यांनी ऊहापोह केलेला आहे. तो विषय आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या दाणेवाल्याच्या आवाक्यातील नव्हे. तो मुनिमहाराजांना विचारावा. पण व्रत हे ज्याने घेतले त्याने पाळावयाचे असते. आपल्या वखारीतून हॉटेलवाले बासमतीची पोती नेतात ती बिर्याणीसाठी, आणि त्या बिर्याणीत काय शिजते हे आपणांस पक्के माहीत असते. गूळ नेणारा त्याचे काय करील, हे आपण विचारीत नाही. परस्त्रीशी संबंध ठेवणारे, सट्ट्यात घर बुडविणारे, बापाला वृद्धपणी बाहेर काढणारे, असे सारे आपल्या खातेवहीत आहेत आणि त्यांची दिवाळीची वहीपूजनाची मिठाईही आपण स्वीकारतो. या सर्वांच्या बाबतीत ज्या व्रताची आठवण होत नाही, ती नेमकी दोन स्त्रिया एक खोली मागावयास आल्या की कशी होते? जो नियम फक्त एकाच गिऱ्हाइकासाठी कपाटातून बाहेर निघतो तो नियम धर्माचा नसून नावडीचा असतो, आणि अमेरिकेत काय किंवा येथे काय, न्यायाधीश प्रथम हेच तपासतात.

दुकानदाराला नकाराचा अधिकारच नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. करार हा दोघांच्या राजीखुशीचा असतो हे १८७२ च्या करार कायद्याचे मूळ आहे. मागील उधारी थकली, भाव पटला नाही, माल दुसऱ्यास राखून ठेवला आहे, गिऱ्हाईक पिऊन आले आहे, दुकान बंद करण्याची वेळ झाली; यांपैकी कोणत्याही कारणाने नकार द्यावा, तो खुशाल द्यावा. आपल्या कार्यालयात सामिष भोजन व मद्य चालणार नाही, हा नियमही निर्वेध आहे, कारण तो वस्तूविषयी आहे आणि सर्वांना सारखा लागू आहे. समलिंगी जोडप्यालाही तो सांगावा, त्यांनी मान्य केला तर तारीख द्यावी.

आपल्या समाजाच्या निधीतून, केवळ यात्रेकरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळेचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ती दुकान नव्हे. तिच्या विश्वस्तपत्रात जे लिहिले असेल ते विश्वस्तांनी पाहावे. परंतु तीच इमारत बाहेर फलक लावून, दर ठरवून, कोणत्याही जातीधर्माच्या लग्नास वर्षभर भाड्याने दिली जात असेल, तर मग ती धर्मशाळा आहे असे ऐनवेळी सांगण्यात अर्थ राहत नाही.

पत्रिका छापणाऱ्या सभासदांसाठी दोन शब्द. दोन नावे, तिथी, वेळ आणि पत्ता एवढा मजकूर ही माहिती आहे, घोषणा नव्हे. दोन्ही नावे स्त्रियांची आहेत म्हणून ती छापता येत नाहीत, हे आमच्या समजुतीप्रमाणे टिकणार नाही. एखादे घोषवाक्य अथवा चित्र आपल्या श्रद्धेविरुद्ध असेल, आणि ते आपण कोणासाठीही छापत नसाल, तर तसे नम्रपणे सांगून बाकीची पत्रिका छापून द्यावी. कोणते मजकूर आपण घेत नाही याची यादी दुकानात आधीच लावून ठेवल्यास उत्तम, म्हणजे ती माणूस पाहून केली असा आरोप येणार नाही.

शेवटची गोष्ट गल्ल्यावरील माणसांची. परदेशातील प्रकरणांत बहुधा मालक स्वतः गिऱ्हाइकाशी बोलले. आपल्याकडे तसे होत नाही. गिऱ्हाइकाशी बोलतो तो मुनीम, नाहीतर महिन्याभरापूर्वी कामावर लागलेला पोरगा, आणि तो हसतो, डोळे मिचकावतो, नाहीतर जागा नाही म्हणून खोटे सांगतो. कायद्यापुढे त्याचे बोलणे मालकाच्या अंगावर येते. म्हणून अतिथिगृह, कार्यालय व दुकान चालविणाऱ्या सभासदांनी आपल्या नोकरांस स्पष्ट समज द्यावी की गिऱ्हाइकांच्या नात्याची चौकशी करावयाची नाही, ओळखपत्र व आगाऊ रक्कम घ्यावयाची, आणि कोणासही नकार द्यावा लागल्यास त्याचे कारण त्याच दिवशी वहीत लिहून मालकाची सही घ्यावयाची.